तापण्यास किती वेळ?

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार घड्याळ पाहत नाही. जाळात धावेचा रंग पालटला, की वेळ झाली हे तो जाणतो. तापलेली धाव फुगून चाकावर बसते आणि पाण्याने निवताच लाकूड घट्ट आवळून धरते.

हीच युक्ती आम्ही बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यातील मोटारदुरुस्तीच्या एका दुकानात पाहिली. मात्र तेथे जाळ नव्हता. पाच किलोचे एक बेअरिंग मोटारीच्या शाफ्टवर बसवायचे होते. ते ठोकून बसविल्यास आतील गोळ्या व कड्या दुखावतात, म्हणून मिस्त्रींनी ते विजेच्या यंत्रावर ठेवले. या यंत्रामागील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व फॅरडे यांनी १८३१ साली शोधिले. यंत्रातील चुंबकत्व सतत पालटत राहते. त्यायोगे बेअरिंगच्या अंगातच विद्युतप्रवाह उत्पन्न होऊन ते तापते.

आम्हांस ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावयाचे होते. एवढ्या उष्णतेने पोलादाचा रंग पालटत नाही. मग वेळ ओळखावी कशी? मिस्त्री हसून म्हणाले, “सांगा पाहू मुलांनो, किती मिनिटे लागतील?”

आम्ही वही उघडली. एक किलो पोलाद एक अंशाने तापविण्यास सुमारे ०.४६ किलोज्यूल उष्णता लागते. हवेचे तापमान ३० अंश होते. म्हणजे ८० अंशांची वाढ. ५ × ८० × ०.४६ = १८४ किलोज्यूल. धातूत एक किलोवॉट शक्ती पोहोचते असे धरल्यास १८४ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ.

प्रत्यक्षात चार मिनिटे लागली. यंत्र घेते ती सर्व शक्ती धातूत उतरत नाही. काही यंत्रातच खर्चते, काही उष्णता हवेत निघून जाते. म्हणून मिस्त्रींनी आतल्या कडीस तापमापकाची तार लावली होती. साधारणतः १२० अंशांपलीकडे बेअरिंग तापवू नये, असे त्यांनी बजाविले. अतितापाने पोलादाचा कणखरपणा उणावतो.

शंभर मिलिमीटरचे भोक ८० अंशांच्या वाढीने जेमतेम एक दशांश मिलिमीटर रुंदावते. तेवढ्याच सवडीत, निवण्यापूर्वी, काम उरकावे लागते; विलंब झाल्यास बेअरिंग अर्ध्यावरच अडकते. मिस्त्रींनी जाड हातमोजे घालून ते उचलले आणि एका दमात जागेवर सरकविले.

अंकगणिताच्या पुस्तकातील उत्तरे शेवटच्या पानांवर छापलेली असतात. या उदाहरणाचे उत्तर मात्र आम्हांस शाफ्टवर वाचावे लागले.