गिअरबॉक्स मिळतो हो, पण कुठला?

संपादकांची अट अशी की गिअरबॉक्सवर लिहा, पण घरात सगळ्यांना कळेल असं लिहा. बघतो. क्लच कशासाठी असतो इथून सुरुवात करायची, तर अर्धा अंक मलाच लागेल.

हल्लीच एक मुलगा वडिलांची पॅलिओ १.६ जीटीएक्स घेऊन आला. २००१ साली पॅलिओ आली तेव्हा शंभरेक अश्वशक्तीची हॅचबॅक आपल्याकडे अप्रूपाची होती. जाहिरातीत सचिन होता, आणि तरी लोकांना आठवतं ते फक्त तिचं पेट्रोल पिणं. याच्या गाडीचा तिसरा गिअर खर्रकन पडायचा आणि पाचवा सटकायचा. मागणी काय, तर "काका, सिक्स-स्पीड बसवून टाका."

गिअर जास्त म्हणजे गाडी जास्त पळणार, ही समजूत काही जात नाही. गिअरबॉक्स ताकद तयार करत नाही. इंजिन जे देतं त्यातला वेग कमी करून ओढ वाढवतो, किंवा उलट. खरा प्रश्न फायनल ड्राइव्हचा असतो, म्हणजे बॉक्समधून चाकाकडे जाताना होणाऱ्या शेवटच्या कपातीचा. लहान इंजिनाला कंपनी ती सहसा जास्त देते, डिझेलला कमी. आता हिशेब बघा. १७५/६५चं चौदा इंची टायर एका फेऱ्यात साधारण १.८३ मीटर जातं. टॉप गिअरमधली एकूण कपात ३.४ धरली, तर ताशी शंभरला इंजिन ३१०० फेऱ्यांवर असतं. तीच ३.८ झाली की ३४६०. सिग्नलवरून गाडी तिरासारखी सुटेल, पण एक्स्प्रेसवेवर लोणावळा येईपर्यंत डोकं उठेल. बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाचे, बोल्ट जुळले म्हणजे बॉक्स जुळला असं नव्हे.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन बॉक्स मिळाले. गंमत म्हणजे पॅलिओ सुरुवातीला कुर्ल्यातच बनायची. भंगारवाला "चालू गाडीतून काढलाय साहेब" म्हणतो, ते कानाआड करायचं. तेल काढून पांढऱ्या थाळीत ओतायचं आणि त्यात चुंबक फिरवायचा. चुंबकाला करडा, लोण्यासारखा गाळ लागला तर चालतं. टोकदार कपची निघाली, तर कुठला तरी दात गेला. आणि चुंबकाला न चिकटता तेलात सोनेरी चमक तरंगत असेल, तर ती सिंक्रो रिंगची, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवून देणाऱ्या कड्याची, पितळ. १.६च्या बॉक्समधून तीच निघाली. दुसरा १.२चा, आतून स्वच्छ.

ही पितळ का झिजते? इथे माझं आणि निम्म्या बाजाराचं भांडण आहे. गिअर ऑइलच्या डब्यावर दर्जा लिहिलेला असतो, त्यावरून "जीएल-५ भारी, जीएल-४ साधं" म्हणून काउंटरवरचा माणूस जीएल-५चा डबा गळ्यात मारतो. अहो, हा आकडा परीक्षेचे मार्क नव्हेत! जीएल-५ आहे हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी. तिथे दात एकमेकांवर जबर दाबाने घसरतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त. पुढची चाकं ओढणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या हॅचबॅकमध्ये हायपॉइड मुळी नसतोच. उलट सिंक्रो रिंगला कोनवर पकड घ्यायची असते. तेल अति निसरडं झालं की रिंग घसरते, गिअर खरखरतो, आणि ड्रायव्हर आणखी जोर लावतो. गरम तेलातलं गंधक पितळेला खातं, हा वेगळा मुद्दा. नव्या जीएल-५ तेलांत तो त्रास बराच कमी झालाय, हे मान्य. निसरडेपणाचं काय? यावर समोरचा "आमच्याकडे सगळे हेच नेतात" म्हणतो. नेतात, म्हणूनच माझं दुकान चालतं.

सिक्स-स्पीडचा नाद मी त्याला सोडायला लावला. माउंट, ड्राइव्ह शाफ्ट, लिंकेज, सगळं नव्याने घडवायचं, तेवढ्यात दुसरी गाडी येईल. त्याचाच बॉक्स बांधायचा ठरलंय, फायनल ड्राइव्ह मूळचीच. तिसऱ्याची नवी रिंग मिळाली. पाचव्याचा हब आणि स्लीव्ह मिळेना, ती जोडी १.२च्या बॉक्समधून घेतोय. राहिलं बेअरिंगला शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावणं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचं काम, गॅरेजमधल्या पोरांना त्याचा कंटाळा. ती म्हणतात, लॅपटॉप लावला की कळतं ना सगळं. या बॉक्सला लॅपटॉपची वायर कुठे लावायची, ते मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही.