ब्राह्मी ओळखताना

तापीचे पाणी ओसरले की काठच्या ओल्या गाळावर एक बुटकी वनस्पती पसरत जाते. भुसावळात इतकी वर्षे वैद्यकीय व्यवसाय करूनही मी तिच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते.

एके सकाळी एका आईने ओल्या रुमालातली जुडी माझ्या टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, ही ब्राह्मीच ना?" बाहेर रुग्णांची गर्दी होती. मी मान न वळवताच "हो, असेल" म्हणालो. तिच्या दहावीतल्या मुलीला अपस्मार होता. माझ्या होकारावर विसंबून तिने गोळ्या बंद केल्या आणि रस सुरू केला. आठवड्याभरात मुलीला मोठा झटका आला. सुदैवाने ती सावरली.

उरलेली जुडी घेऊन मी नदीकाठी गेलो आणि झाडाशी ताडून पाहिली. ती खरोखरच नीरब्राह्मी होती. तिचे खोड जमिनीलगत सरपटते व पेरापेरांशी मुळे धरते. पाने समोरासमोर, बिनदेठाची, लहान, मांसल आणि टोकाशी बोथट असतात. पानाच्या बगलेतून नाजूक देठावर एकेकटे, पाच पाकळ्यांचे, पांढुरके किंवा फिकट जांभळे फूल येते. चव कडू असते. आपल्याकडे ब्राह्मी म्हणूनच ओळखला जाणारा कारिवणा निराळा. त्याचे पान लांब देठाचे, मूत्रपिंडाच्या आकाराचे आणि दातेरी कडांचे असते. फुले इवली, पानांखाली दडलेली. घोळीची पानेही मांसल असतात, पण तिचे फूल पिवळे.

त्या आईची श्रद्धा निराधार नव्हती. चरकसंहितेत अपस्माराच्या चिकित्सेत ब्राह्मीघृत सांगितले आहे. परंतु सिद्ध केलेले घृत आणि घरी काढलेला रस एक नव्हेत. शिवाय अपस्माराच्या गोळ्या अचानक थांबवल्यास झटके उसळून येतात, क्वचित जिवावर बेततात. सांडपाणी मिसळलेल्या काठावरच्या पाल्याचा कच्चा रस जुलाब, कावीळ, विषमज्वर यांनाही आमंत्रण देतो.

म्हणून विनंती: कोणतीही वनौषधी घेण्यापूर्वी जाणत्या वैद्याकडून ती ओळखून घ्या, चालू गोळ्यांची नावे त्यांना सांगा, आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.

त्या आईने झाड अचूक ओळखले होते. "गोळ्यांचे काय करणार?" एवढे विचारायचे काम माझे होते. आता कुणी जुडी घेऊन आले, की मी आधी खुर्ची पुढे करतो.