मामांना घरी आणताना

धाकटे मामा दुबईत वारले. अल कूजमधल्या कामगार वसाहतीत ते राहत, इलेक्ट्रिशियनचं काम करत. पहाटे उठले नाहीत म्हणून खोलीतल्या सोबत्यानं हलवून पाहिलं, तोवर सगळं संपलं होतं. त्याच सोबत्यानं, निजामाबादकडच्या एका तेलुगू मुलानं, मला फोन केला. मामींना सांगायचं काम माझ्यावर आलं.

माझं आजोळ हैदराबादच्या अफझलगंजात, उस्मानिया हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. पणजोबा निजामाच्या काळात नांदेडकडून आले आणि इथलेच झाले. शवागाराबाहेर ताटकळलेली माणसं या गल्लीतली मुलं लहानपणापासून पाहतात. माणूस आत, कागद बाहेर, आणि कागद पुरे झाल्याशिवाय माणूस हाती येत नाही, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. आमचा माणूस मात्र समुद्रापलीकडे होता.

दुपारपासून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. जो तो एकच सांगत होता: तिथेच दहन करा, अस्थी घेऊन या. दुबईत हिंदूंसाठी स्मशानभूमी आहे, काम लवकर उरकतं, देहाचीही आबाळ होत नाही. बोलणं समंजसपणाचं होतं. मामी ऐकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "मला त्यांचं तोंड बघायचंय. दोन वर्षं झाली बघून."

मोठ्या मामांनी त्यानंतर आलेल्या प्रत्येक फोनला एकच उत्तर दिलं. "तिनं सांगितलंय. आता तो विषय नको."

त्या घरात त्या दिवसांत झालेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असं विचारलं तर मी हीच सांगेन. पुढची सगळी धावपळ आम्हाला झेपली, कारण ती कशासाठी चाललीय याबद्दल कुणाच्या मनात दुमत उरलं नव्हतं.

धावपळ अशी असते. मृत्यू हॉस्पिटलात झाला तर रस्ता थोडा सरळ असतो. खोलीवर झाला की पोलीस येतात, तपासणी होते, कारण नोंदवलं जातं, मग मृत्यूचा दाखला मिळतो. त्यानंतर भारतीय वकिलातीत पासपोर्ट रद्द करून घ्यायचा आणि देह नेण्यासाठी ना-हरकत पत्र मिळवायचं. देह टिकावा म्हणून मुहैसना भागातल्या केंद्रात त्यावर औषधप्रक्रिया होते, तिचा वेगळा दाखला. मग विमानाच्या मालवाहू विभागात नोंदणी. एक कागद अडला की त्याच्या मागचे सगळे अडतात.

तिथे हे सगळं करणारा माणूस लागतो आणि त्याच्या नावाचं अधिकारपत्र इथून पाठवावं लागतं. माझा मामेभाऊ इंटरला होता. तो आणि मी नयापूल ओलांडून कोर्टाकडे गेलो, नोटरीसमोर मामींच्या सहीचं पत्र पुरं केलं आणि परत येताना सेंट्रल लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून फोनवरून त्याचे फोटो पाठवले. वडिलांचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे आलंय ना, हे तो एकेक अक्षर लावून तपासत होता. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी काम थांबतं, असं तिकडच्या सोबत्यानं बजावलं होतं.

खर्चाचं सांगायला हवं, कारण घाबरून लोक कर्ज काढतात. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार कुटुंबानं मागणी केली तर देह तयार करून मायदेशी पोचवण्याचा खर्च मालकावर असतो. आमच्या बाबतीत कंपनीनं तो केला. मालकानं हात वर केले किंवा मालकच नसला, तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, 2009 पासूनचा. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. प्रवासी भारतीय विमा योजनेचे 10 लाख मात्र अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला मिळतात. झोपेत हृदय थांबलं तर ते मिळत नाहीत, हे आम्हाला पॉलिसी वाचल्यावर कळलं.

इकडे घरात चूल पेटली नव्हती. देह दारात असतो तेव्हा हा नियम काही तासांचा असतो. इथे दिवस जात होते आणि घरात लेकरं होती. समोरच्या मारवाडी कुटुंबानं सकाळचं उचललं, शेजारच्या खालाबींनी रात्रीचं. खालाबी डबा मामींच्या हातात देत नसत. स्वतः समोर बसत आणि दोन घास पोटात जाईपर्यंत हलत नसत. "खा लो बेटी, अभी बहुत काम है," म्हणत. त्यांचा पुतण्या जेद्दाहहून असाच आणलेला होता.

उस्मानियाच्या दारातल्या अँब्युलन्सवाल्याला शमशाबाद विमानतळाच्या कार्गोचा रस्ता पाठ होता. प्रवासी उतरतात त्या इमारतीकडे जायचंच नसतं. विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी, कस्टम्स, ज्याच्या ताब्यात द्यायचं त्याचं आधार, सह्या. आरोग्य परवानगीसाठी केंद्र सरकारनं 2023 साली 'ई-केअर' पोर्टल सुरू केलंय, त्यामुळे हा टप्पा विमान उतरण्याआधीच मार्गी लावता येतो. मालाच्या पावतीवर मामांचं नाव होतं, आणि पुढे वजन, किलोमध्ये. मामेभावानं ती ओळ वाचली आणि पावती घडी घालून खिशात ठेवली.

पेटी आली. वरून लाकूड, आतून पत्रा. डोकं कुठल्या बाजूला ते मार्करनं लिहिलेलं. उचलण्याआधी एका हमालानं दुसऱ्याला थांबवलं, ती खूण शोधली, आणि मग सगळ्यांनी मिळून पेटी सावकाश गाडीत सरकवली. रोज हेच काम करणाऱ्या माणसानं दाखवलेली ती काळजी मी विसरणार नाही.

पेटी स्क्रूंनी बंद असते आणि उघडायला हत्यार लागतं, हे आधी कुणी सांगत नाही. मामांची जुनी अवजारं माळ्यावर होती. मामेभावानं त्यातला स्क्रूड्रायव्हर आणला आणि एकेक स्क्रू स्वतः काढला. मोठे मामा हात पुढे करत होते, तो नको म्हणत होता.

औषधाचा उग्र वास आला. चेहरा काळवंडला होता, पण मामाच होते. मामींनी कपाळावर हात ठेवला, केस मागे सारले आणि मग त्या रडल्या, बातमी आल्यापासून पहिल्यांदा. गुरुजींनी अंघोळीऐवजी गंगाजळ शिंपडायला सांगितलं. नांदेडहून इमलीबन बसस्थानकावर उतरलेले पाहुणे थेट घरी पोचले होते. त्याच संध्याकाळी पुरानापूलच्या स्मशानात मामेभावानं अग्नी दिला.

अस्थी आणल्या असत्या तरी विधी झाले असते, शास्त्रात काही कमी पडलं नसतं. पण मामी आज जे काही सावरल्या आहेत, ते त्या दिवशी त्यांचा हात मामांच्या कपाळावर टेकला म्हणून, असं मी मानतो. दुसऱ्या एखाद्या घरातली बाई म्हणेल, तिकडेच उरका, मला तशी पेटी बघवणार नाही. तिचंही खरं. परदेशात गेलेल्या माणसाला आणायचं की नाही, हे ज्याचं त्याच्याशी सर्वांत जवळचं नातं, त्यानं ठरवावं. बाकीच्यांनी कागद करावेत, डबे आणावेत, खांदा द्यावा. आणि ज्यांचं माणूस आज आखातात आहे, त्यांनी त्याच्या पासपोर्टची प्रत, कंपनीचा फोन आणि खोलीतल्या सोबत्याचा नंबर आजच घरात लिहून ठेवावा.