चट्ट्यांचे निदान

लेवीय या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील याजक त्वचेवरील डाग पाहून लगेच निवाडा करीत नाही. संशय असल्यास सात दिवस थांबून तो पुन्हा पाहतो, आणि त्यानंतर आणखी सात दिवसांनी. मिस्सेत या अध्यायाची मोजकीच वचने वाचली जातात. सात दिवसांची ही अट त्यांत येत नाही. आम्हा भावंडांना ती उमगली, ती थोरल्या बहिणीच्या आजारामुळे.

तिच्या मांड्यांवर, कमरेवर आणि मग दंडांवर फिकट चट्टे उठले. प्रथम इसब समजून मलमे झाली, नंतर कोड समजून. कोणीतरी ‘महारोग’ हा शब्द उच्चारला आणि मिस्सेला बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. (महारोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, हे त्या मंडळींना कोणी सांगावे?) चट्ट्यांवर स्पर्श समजत होता, ऊन-गार कळत होते, नसाही जाड झालेल्या नव्हत्या. त्वचारोगतज्ज्ञांनी तो संशय दूर केला. परंतु मग हे होते तरी काय?

मायकोसिस फंगॉइडिस. त्वचेतील टी-पेशींचा हा दुर्मिळ, संथ लिम्फोमा. नावात बुरशी असली तरी रोगात ती नाही. पॅरिसच्या सेंट लुईस रुग्णालयात आलिबेर या वैद्याने १८०६ साली एका रुग्णाच्या अंगावर अळंबीसारख्या गाठी पाहिल्या, त्यावरून पुढे हे नाव रूढ झाले. आरंभी मात्र गाठी नसतात, नुसते चट्टे असतात. आणि सावळ्या त्वचेवर ते पुष्कळदा फिकट दिसतात.

खरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली येते. प्रारंभी दुष्ट पेशी थोड्या असतात आणि इसबातल्या साध्या पेशींत मिसळून जातात. पहिल्या तुकड्याचा अहवाल अनिश्चित आला, दुसऱ्याचाही. तिसऱ्या वेळी स्टिरॉइडची मलमे काही आठवडे बंद ठेवून, कारण ती खुणा पुसून टाकतात, वेगवेगळ्या चट्ट्यांतून तुकडे घेतले. पेशींवरील प्रथिनांची चाचणी झाली. त्या एकाच पेशीची संतती आहेत का, हे जनुकांवरून तपासले. पण अशी संतती निरुपद्रवी रोगांतही सापडू शकते, म्हणून केवळ त्या चाचणीवर भिस्त ठेवता येत नाही. अखेर पॅथॉलॉजिस्ट आणि त्वचारोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून, अहवाल आणि प्रत्यक्ष चट्टे समोर ठेवून, निर्णय दिला. तोवर चार वर्षे गेली होती.

कर्करोग हा शब्द ऐकून आम्ही हादरलो, बहीण मात्र म्हणाली, “नाव तरी कळलं.” या अवस्थेतील पुष्कळ रुग्ण सामान्य आयुष्य जगतात, हे डॉक्टरांनी आम्हाला दोनदा समजावले. हल्ली ती आठवड्यातून तीनदा प्रकाशोपचाराला जाते. दंडांवरील चट्टे मूळ रंगावर येत आहेत. कमरेवरचा एक अजून हटत नाही. त्याचा तुकडा पुढील महिन्यात पुन्हा तपासायचा आहे.