बैठकीतून आतल्या खोलीत

दोन संगणक जोडायचे म्हटलं की दुकानदार आधी स्विच दाखवतो. यंत्रं दोनच असतील तर त्याची गरज नाही. एक क्रॉस केबल पुरते आणि ती घरी बनवता येते.

आमच्याकडे इंटरनेट बैठकीच्या खोलीत आलं, कारण फोन तिथे होता. अब्बांकडे येणारी-जाणारी माणसंही तिथेच बसत. आपाला अभ्यासाचं काही शोधायचं असलं, फॉर्म भरायचा असला, तर बैठक उठेपर्यंत थांबावं लागे. तिला कुणी मनाई केली नव्हती, तरी ती अडून राहायची. आतल्या खोलीत एक जुना संगणक नुसता पडून होता. मधलं अंतर पंधरा मीटर.

कॅट-५ केबल मीटरवर मिळते. दोन आरजे-४५ कनेक्टर घेतले, क्रिम्पिंग टूल मित्राकडून आणलं. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. जोडीला पीळ असतो, त्याने बाहेरचा विद्युत गोंगाट कमी होतो. म्हणून टोकाशी अर्ध्या इंचाहून जास्त पीळ सोडू नये.

एका टोकाला क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करायची, बाकी तसंच. संगणकाचं लॅन कार्ड १ आणि २ नंबरच्या पिनांवरून बोलतं, ३ आणि ६ वर ऐकतं. दोन्ही टोकं सारखीच लावली तर दोघंही बोलतात, ऐकत कुणीच नाही. स्विच ही अदलाबदल आतल्या आत करतो. नवी कार्डंही ती स्वतः करतात. आमची जुनी होती.

मोडेम यूएसबीवर होता, त्यामुळे बैठकीतल्या संगणकाचं लॅन कार्ड मोकळंच होतं. विंडोज एक्सपीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू केलं. त्या संगणकाला १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळाला, आतल्याने आपला आपोआप घेतला. तार दाराच्या चौकटीवरून नेली.

एक अडचण उरली. बाहेरचा संगणक बंद केला की आतलं नेटही बंद. अब्बांना एवढंच सांगितलं. तेव्हापासून ते रात्री फक्त मॉनिटर बंद करत.

त्या रमजानमध्ये फजरनंतर घर निजायचं, तेव्हा आतल्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसायचा. आपाचा अभ्यास चालू असायचा.