मंद आच

गेल्या श्रावणात पुण्यातील आमच्या सोसायटीला नळाच्या गॅसची जोडणी मंजूर झाल्याचे पत्र आले, आणि ओट्यावरच्या जुन्या दोन बर्नरच्या शेगडीचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न घरात उपस्थित झाला. जेट बदलून ती आणखी काही वर्षे चालवता आली असती; परंतु मोठ्या बर्नरच्या कडेची भोके झिजून एकमेकांत मिसळली होती, आणि सुनेचे म्हणणे असे की दोघांचे डबे, नातवंडांचा नाश्ता आणि माझा चहा एवढे सारे सकाळी सातच्या आत दोन ज्योतींवर उरकत नाही. ते म्हणणे रास्त होते. तेव्हा नवी शेगडी घेण्याचे ठरले, आणि पन्नासाहून अधिक वर्षे मी विस्तवापाशी काढली आहेत या हक्काने तिच्या निवडीचे काम मी स्वतःकडे मागून घेतले.

माझे माहेर राजापूर तालुक्यातले. आईची चूल मातीची आणि वैलाची होती. वैल म्हणजे चुलीच्या कुशीला जोडलेले दुसरे तोंड. त्याला स्वतःचे लाकूड नसते, चुलीत भडकलेल्या जाळाची उरलेली धग आतल्या वाटेने त्याच्याकडे जाते, आणि त्या उसन्या उष्णतेवर दूध तापते, तूप कढते, आमटी ऊन राहते. चुलीवर भाताचे आधण खळखळत असे आणि वैलावर दुधाचे पातेले तासन्‌तास नुसते श्वास घेतल्यासारखे हलत असे. दुपारी त्यावर जी साय धरे ती काढताना भाकरीसारखी अखंड निघे. कोकणच्या स्वयंपाकाला मंद आचेची गरज विशेष, कारण नारळाचा दाट रस घातलेली आमटी एकदा जोराने उकळली की रस फाटतो, आणि मग कोणत्याही उपायाने ती जमून येत नाही. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात जो हुकूम मी लहानपणी सर्वांत अधिक वेळा ऐकला तो होता, “लाकूड मागे ओढ.” फुंकणी घेऊन जाळ करणे हे आम्हां मुलींचे काम होते, ते पाचव्या-सहाव्या वर्षीच येई, लाकूड नेमके किती मागे ओढावे हे मात्र मला लग्न होईपर्यंत पुरते उमगले नव्हते.

लग्नानंतर 1969 साली मी गिरगावातल्या चाळीत आले, तेव्हा दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात कोळशाची शेगडी आणि पितळेचा पंपाचा स्टोव्ह असा दुहेरी कारभार होता. शेगडी मला परकी वाटली नाही. निखारे फुलले की त्यांच्यावर राखेचा पातळ थर द्यावयाचा, आणि विस्तव जणू पांघरूण घेऊन स्वस्थ बसे, सासूबाई तेवढेच म्हणत, “राख टाक.” स्टोव्हशी माझे कधीच जमले नाही. रॉकेलची त्यात वाफ होते आणि ती वाफ जळते, म्हणून त्याला टाकीतला दाब लागतो. आच कमी करावी म्हणून हवा सोडावी तर बर्नर थंडावतो, वाफेऐवजी रॉकेलच वर येते, ज्योत पिवळी होऊन भडकते आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरते. रेशनकार्ड घेऊन रांगेत उभे राहून आणलेले ते रॉकेल आणि त्या स्टोव्हचा तो अखंड फरफराट यांत मंद या शब्दाला थाराच नव्हता. शेवटी प्रत्येक बिऱ्हाडात जी तोड काढली होती तीच आम्ही काढली. स्टोव्हवर एक जुना, बुडाला काळा पडलेला लोखंडी तवा ठेवावयाचा आणि त्याच्यावर दुधाचे पातेले. आग कमी होत नव्हती, म्हणून तिच्यात आणि दुधात एक पडदा घातला.

मुंबईत सिलिंडरचा गॅस बर्मा-शेल कंपनीने 1955 च्या सुमारास आणला होता, आणि त्याचे बर्शेन हे नाव चाळीतल्या बायका एखाद्या सुखवस्तू नातेवाइकाचे घ्यावे तसे घेत. पण अर्ज देऊन आमचा नंबर लागावयास आठ वर्षे गेली. ज्या दिवशी तो लाल सिलिंडर जिन्याने वर आला, त्या दिवशी सासूबाईंनी शेगडीला हळदकुंकू वाहिले. मी मात्र पाहत राहिले ते एका बाजूच्या लहान बर्नरकडे. एक मोठा, एक लहान: चूल आणि वैल पुन्हा शेजारी बसली होती, आणि या खेपेस वैलाला त्याचा स्वतःचा विस्तव मिळाला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात नवा हुकूम रूढ झाला, “गॅस बारीक कर.”

हे बारीक करणे दिसते तेवढे सोपे नाही. जेटच्या सुईएवढ्या छिद्रातून गॅस वेगाने निघतो आणि जाता जाता भोवतालची हवा आपल्याबरोबर नळीत ओढून नेतो. दोहोंचे मिश्रण बर्नरच्या भोकांतून वर येऊन जळते, आणि हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी राहते. परंतु हे मिश्रण फार सावकाश येऊ लागले, तर ज्योतीचा मागे धावण्याचा वेग त्याहून अधिक ठरतो आणि ती भप्प असा आवाज करून बर्नरच्या आत शिरते. शिवाय खिडकीतून आलेली साधी झुळूकही क्षीण ज्योत विझवू शकते, आणि मग न जळलेला गॅस खोलीत साचत राहतो. म्हणूनच अगदी थोड्या गॅसवर ज्योतीचे अखंड कडे टिकवून धरणे, ही मी बर्नर करणाऱ्याच्या हाताची खरी परीक्षा मानते. शेगडीवरच्या भारतीय मानकाच्या छापाला मी कमी लेखत नाही. किमान 68 टक्के उष्णता भांड्याला पोचली पाहिजे, ही त्याची अट गॅसची नासाडी टाळणारी आणि अत्यंत आवश्यक आहे. पण तो आकडा पाणी तापवून काढतात, आणि दूध कसे आटेल ते तो सांगत नाही.

बोहरी आळीतल्या दुकानदाराने आम्हांला प्रथम काचेच्या शेगड्या दाखविल्या. सुनेला त्या आवडल्या, आणि त्यांच्यावरून फडके फिरविणे किती सुलभ आहे हे मलाही दिसत होते. तथापि ती कडक केलेली काच पुष्कळ सोसते आणि फुटते तेव्हा एका क्षणात तिचे सर्वांगाने दाणे होतात, हे मला पसंत नव्हते. पोलादी शेगडीवर ओरखडे पडतात, तिची झळाळी जाते, पण ती अशी अकस्मात सोडून जात नाही. बर्नर मी हातात घेऊन पाहिले आणि पितळेचेच मागितले, कारण ते वजनदार असतात आणि त्यांची भोके लवकर झिजत नाहीत. मग मी सर्वांत लहान बर्नर पेटवून दाखविण्याची विनंती केली.

“आजी, लोक मोठा बघतात,” तो म्हणाला; पण त्याने मागच्या खोलीत सिलिंडरला नळी जोडली. एका शेगडीची ज्योत बारीक करताच अर्ध्या बाजूने विझली; दुसरीचे नॉब एवढे उतावळे की केसभर फिरवले तर बंदच होई; तिसरीच्या ज्योती दाण्यांएवढ्या झाल्या तरी एकही गळाली नाही. तिला तीन बर्नर होते. सुनेची सकाळ त्यात बसत होती, आणि माझी दुपारही.

नळाचा गॅस मुख्यतः मिथेन असतो. सिलिंडरमधल्या गॅसच्या तेवढ्याच आकारमानात जी उष्णता असते तिच्या निम्म्याहूनही कमी त्याच्यात असते, आणि म्हणून जेटचे छिद्र मोठे करावे लागते. जोडणीला आलेल्या मुलाने तीनही जेट बदलले. मी लहान बर्नर बारीक करून पाहिला. दुकानात पाहिलेली ज्योत ती नव्हती. चांगली बोटभर उंच होती. त्याने काही न बोलता नॉब काढले, आतल्या स्क्रूला पेचकस लावला, किंचित फिरवला आणि विचारले, “एवढी पुरे?”

“आणखी बारीक.”

त्याने पुन्हा फिरवला. सून तोवर दुधाचे पातेले घेऊन आली होती. तिने ते बर्नरवर ठेवले, आणि आम्ही तिघे वाकून पातेल्याच्या बुडाखाली पाहू लागलो.

“अजून?” त्याने विचारले.

“थोडे,” या वेळी सून म्हणाली.