आभाळाला ठिगळ

आभाळच फाटलं, तर ठिगळ कुठं कुठं लावणार? ही म्हण पहिल्यांदा बोलणारी बहुधा शिवणारी बाई असावी. बाकी कुणाला आभाळाकडे बघून ठिगळ सुचलं असतं? हात टेकण्याआधी तिनं फाटलेल्या जागा निरखल्या असणार, सुईत दोराही ओवला असेल.

फॅशन डिझाइनचे विद्यार्थी गटानं जुने कपडे गोळा करून त्यातून पिशव्या, जाकिटं शिवतात, तेव्हा ही म्हण पाठ सोडत नाही. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालानुसार, कपड्यांसाठी लागणाऱ्या मालातला १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यात येतो.

का, ते उसवायला बसलं की कळतं. सुती म्हणून उचललेल्या शर्टात पॉलिस्टर निघतं, जीन्समध्ये लायक्रा. पानिपतला जुने लोकरी कपडे रंगांप्रमाणे निवडतात, बटणं-झिपा कापतात आणि पिंजून नवं सूत काढतात. रंग आधीच जुळवलेला असल्यानं पुन्हा रंगवावं लागत नाही. मात्र पिंजताना तंतू आखूड होतात. त्या सुताचं मुख्यतः जाडंभरडं ब्लँकेट होतं.

गोधडीला पिंजणं लागत नव्हतं. खाली-वर जुनी लुगडी, मधे धोतरं आणि चिंध्या. उन्हाळ्यात अंगणात पसरायची, चौघीजणींनी चारी बाजूंनी बसायचं आणि धावदोरा घालत कडेकडून आत सरकायचं. टाके प्रत्येकीचे वेगळे, तरी गोधडी एकच. विद्यार्थ्यांच्या गटातही एक उसवतो, एक निवडतो, एक बेततो, आणि ते पाहताना जीव सुखावतो. पण त्या बायकांना घरात पांघरूण हवं होतं. इथं पिशवी आधी शिवली जाते, ती कुणाला हवी हे नंतर शोधलं जातं. शिवाय लुगडं सुती होतं. सिंथेटिक साडीची गोधडी अंगावरून घसरते, घामही टिपत नाही.

आणि बोहारीण? जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई त्या कपड्यांची किंमत करत असे, घासाघीस करत असे, धड कपडे पुढे जुन्या बाजारात विकत असे. अनेक सोसायट्यांच्या फाटकावर आता तिला अडवतात. महाविद्यालयाचं ओळखपत्र दाखवणाऱ्या मुलांना मात्र आत सोडतात, आणि गाठोडी फुकट मिळतात. मुलांचा हेतू चांगला आहे, मेहनतही खरी आहे. तरीही त्या गाठोड्यात तिच्या पोटापाण्याचं किती गेलं असेल? तिलाच गटात घेतलं, तर ती मुलांना काय शिवायला सांगेल, की काहीच न शिवता निम्मे कपडे तसेच विकायला काढेल?